साडेबावीस कोयत्यांची यादी

सुरुवातीलाच माफी मागतो. आत्मकथन लिहायचं तर माणसाचं आयुष्य बऱ्यापैकी जगून झालेलं असावं. माझं तसं काही नाही. मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमरावतीच्या वसतिगृहात तिघांच्या खोलीत राहतो. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो की मागून कुणीतरी वही ओढून घेईल असं अजून वाटतं. तरी लिहितो आहे, कारण कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांना ती फार मोठी वाटेल, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ती चूक वाटणारच नाही. म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्यावरून आत. दसरा झाला की गावाचे आवाज बदलायचे. पिठाची गिरणी सकाळपासून थांबायची नाही. पत्र्याच्या पेट्यांची झाकणं उघडायची, आपटायची. घराघरांत कोयत्यांना धार लावण्याचा तो दात शिवशिवणारा आवाज. माय दोन दिवस चुलीपुढून उठायची नाही. प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि बरणीभर ठेचा. मिरच्या भाजल्या की घरात बसवत नसे, आम्ही खोकत बाहेर यायचो आणि बाबा म्हणायचे, "तुह्या मायचा धूर सुटला, आता गाडी आली समजा." ट्रॅक्टर आला की त्याच्या भोंग्यावर मोठ्यानं गाणी लागलेली असायची. लग्नाला चालल्यासारखं वाटायचं. मग एका तासात अर्धं गाव रिकामं. मी पाचवीपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो, पुढे शाळेच्या हंगामी वसतिगृहात मागे राहिलो. मागे राहण्याची सवय मला कधी झालीच नाही. ते गेल्यावर आठवडाभर मी उगाच गावभर फिरायचो, कुलपं बघत.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको तो गोळा करून मोळ्या बांधते, आणि त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. मजुरांची टोळी जमवून नेणारा मुकादम विचारतो, "किती कोयते?" बाप्ये सांगतात, "आमचा एक." लग्न न झालेला एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो. हाताची बोटं पाच असतात तसं ते होतं, कुणाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मेहकरच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतला त्या वर्षी ऊसतोड कामगारांच्या एका संघटनेचे भास्करभाऊ आमच्या वर्गावर आले. त्यांनी स्वतः पंधरा हंगाम ऊस तोडलेला. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नसत. बाजाराच्या गल्लीत शिलाईच्या दुकानावर संघटनेची एक खोली होती, खाली मशिनी चालायच्या आणि वर बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून ते नेहमी जरा मोठ्यानं बोलायचे. त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "गजानन, अक्षर चांगलं हाये तुह्यं. गावातून कोण कोण जाऊन राह्यलं, कोणत्या कारखान्यावर, मुकादम कोण, सगळं लिवून आण. तिकडं काही झालं त आपला माणूस होता हे सांगाले कागद पाहिजे. मुकादमाच्या वहीवर आपण भरोसा ठेवतो, म्हून त मार खातो."

मला फार मोठं काम मिळाल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर त्या आधी मला कुणी अक्षरावरून ओळखलं नव्हतं. गाडी यायच्या आदल्या दिवशी मी गावातल्या पारावर बसलो, समोर फुलस्केप कागद, आणि बाप्ये रांगेनं येऊन नाव सांगू लागले.

"अबे, गजा तलाठी झाला," कुणीतरी म्हणालं.

"तलाठी पैसे घेते. हा फुकट लिवून राह्यला."

"मंग हा मास्तर झाला."

रामा नावाचा एक गडी होता, तिशी गाठत आलेला, लग्न जमत नव्हतं. तो वाकून म्हणाला, "माह्यं काय लिवतं?"

"अर्धा."

"लिव बाप्पा अर्धा. पुढच्या साली पूर्ण करून देतो."

"तुले कोण देते बे पोरगी," मागून एकजण म्हणाला, "तू त अर्धाबी मोठा मुश्किलीनं हायेस." सगळे हसले. रामाही हसला.

तेवढ्यात गिरणीतून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन यमुनामावशी आली. ती आमच्या शेजारची. मायची सख्खी बहीण नव्हे, पण एका वर्षी ती हंगाम चुकवून गावी राहिली होती, तेव्हा माय फडावर असताना तिनंच मला जेवू घातलं होतं. डोक्यावरचा डबा एका हातानं धरून ती थांबली.

"काय लिवून राह्यला गजू?"

"नावं, मावशी. ऊसतोडीवाल्यांची."

"लिव लिव. मोठा हो," म्हणाली आणि गेली. तिचा नवरा किसनकाका तेव्हा माझ्यापुढेच उभा होता. मी लिहिलं: किसन, एक कोयता. ती माझ्यापासून पाच हातांवर होती आणि तिला तिचं नाव विचारावं हे मला सुचलं नाही. संध्याकाळी मी कागदाच्या तळाला एकूण बेरीज लिहून खाली रेघ मारली. भास्करभाऊंनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सही केली, शिक्का मारला. त्यांनाही काही खटकलं नाही.

संक्रांतीच्या पुढेमागे त्यांचा फोन आला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. यमुनामावशी मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना फळी सरकली. मोळीसकट खाली पडली. मांडीचं हाड मोडलं, कमरेलाही मार. तिकडच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि मग परतीच्या गाडीत गाद्या टाकून गावी आणून सोडलं. मुकादमानं लिहून दिलं की बाई कामावर नव्हतीच, नवऱ्यासाठी भाकर घेऊन आली होती. वाहतूक ठेकेदारानंही तेच सांगितलं. भरपाईचा प्रश्नच मिटवला.

"आपली यादी हाये ना," मी म्हणालो.

पलीकडून भास्करभाऊंनी कागद उलटल्याचा आवाज आला. खाली शिलाई मशीन चालल्याचं मला फोनमधून ऐकू येत होतं. "यादी समोरच हाये माह्या," ते म्हणाले. "किसनचं नाव हाये. यमुनाबाईचं नाही. एकाही बाईचं नाही, गजानन." मग आवाज खाली आणून, "मीच सही केली बे तिच्यावर. माह्याही ध्यानात आलं नाही."

त्या दिवशी मी तासाला बसू शकलो नाही. स्टँडवर गेलो, गावच्या गाडीत बसलो, गाडी सुटायच्या आत उतरलो. पुन्हा बसलो. गावात जाऊन मी मावशीच्या दारासमोरून दोनदा गेलो आणि आत गेलो नाही.

आत गेलो तो दुसऱ्याच कामासाठी. किसनकाकांनी पूर्ण कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, हंगाम अर्धा बाकी होता, आणि अर्ध्या कोयत्यावर मुकादम ठेवून घ्यायला तयार नव्हता. म्हणून त्यांनी वंदीला बोलावलं. वंदी त्यांची मुलगी, नववीत होती, त्याच हंगामी वसतिगृहात जिथे मी राहिलो होतो. तिला मेहकरहून गाडीत बसवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मावशी खाटेवर पडून होती, पाय विटांच्या आधारानं वर बांधलेला. तिनं वंदीच्या केसांना तेल लावलं, पडल्या पडल्याच. कुणी रडलं नाही. स्टँडवर वंदी मला म्हणाली, "सरले सांगजो दादा, दहावीच्या आधी मी येतो म्हून. नाव काटू नका म्हणा." तिच्या पिशवीत कपडे होते, दशम्या होत्या, आणि आईचा कोयता फडक्यात गुंडाळलेला. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, बघू.

भास्करभाऊंनी संघटनेतर्फे मावशीचा दावा कामगार न्यायालयात लावला. दावा मान्य झाला तर घरात काही येईल आणि वंदीला दुसरा अर्धा व्हावं लागणार नाही, इतका साधा हिशेब होता. पण साक्षीला टोळीतलं कुणी तयार नव्हतं. पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जायचं होतं सगळ्यांना. तयार नसलेल्यांत माझे बाबाही होते. हे मी लिहावं की नाही याचा बराच विचार केला. बाबा हयात आहेत, कदाचित कुणी त्यांना हे वाचून दाखवील. पण तसंच झालं होतं.

हंगाम संपवून माय-बाबा परत आले तेव्हा मी भाकरी होईपर्यंत थांबलो आणि मग सगळं सांगितलं. माय परातीत भाकर थापत होती.

"माह्यं लिवलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

भाकर तव्यावर गेली. तिनं वरून पाणी फिरवलं. "मंग मी काय तिथं सहा महिने हवा खाले गेलती?"

ती भाकर जरा करपली, आणि तीच तिनं माझ्या ताटात टाकली.

"भास्करभाऊ म्हणतात, यादी मी केली, म्हणून मीच साक्ष द्यावी," मी म्हणालो.

बाबा हात धुवून आले होते. "तू गेला त मुकादम आपल्याले टोळीत घेणार नाही," ते म्हणाले. "मी रागानं नाही सांगून राह्यलो. फकत समजून जाय."

"नाही घेतलं त नाही," माय म्हणाली. "बाकीचे मुकादम मेले का? तुमच्यासारखा कोयता त कोणीबी घेईन. माह्यासारखी मोळी बांधणारी भेटाची नाही त्याले." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. सकाळी बाबांनी मला गाडीभाड्याला पैसे आहेत का ते विचारलं.

मावशीला माझी चूक मी सांगायच्या आधीच माहीत होती. "तुह्या मायनं सांगतलं," ती म्हणाली. ती आता काठी घेऊन दारापर्यंत येत होती. मी मान खाली घालून उभा होतो. "मी तुह्या समोरून गेली ना त्या दिवशी? मलेबी कुठं वाटलं होतं, का आपलंबी नाव लिवाचं असते म्हून. तू कायले एवढं तोंड पाडून राह्यला." त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कारखान्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालय होतं. दोन गाड्या बदलून आम्ही तिघं गेलो, मी, मावशी आणि भास्करभाऊ. मावशीला खिडकीजवळ बसवलं. शहरात शिरताना ती बाहेर बघत म्हणाली, "पाच साल इथला ऊस तोडला, पण हे गाव आज पायलं." भास्करभाऊंनी मला वाटेत सतरा वेळा सांगितलं की जेवढं विचारतील तेवढंच बोल, आणि घाबरू नको. स्वतः मात्र ते दर थांब्यावर खाली उतरून येत होते.

ठेकेदाराचे वकील अतिशय शांत होते. मला ओरडणारा माणूस अपेक्षित होता. त्यांनी यादी माझ्यापुढे धरली. "ही तुमच्या हातची?"

"हो."

"सगळ्या कामगारांची नावं लिहायची, असं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"यात अर्जदार बाईंचं नाव दाखवा."

"नाही," मी म्हणालो. "यात नाही."

"शिकलेले आहात. विसरला असाल असं तर म्हणणार नाही?"

"विसरलो नाही. मला ते लिहायचं असतं हेच..." पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. वकील "बस, इतकंच" म्हणाले आणि खाली बसले. मागे मावशीची काठी फरशीवर घसरल्याचा आवाज आला.

न्यायाधीश मॅडमनी यादी मागवून घेतली. त्या नावांवरून बोट फिरवत खाली आल्या. "नावं तेवीस आहेत," त्या म्हणाल्या. "आणि खाली एकूण लिहिलंय साडेबावीस. हे काय आहे?"

मी सांगितलं की रामा अर्धा आहे, म्हणून.

"माणूस अर्धा कसा?"

"त्याचं लग्न झालेलं नाही, मॅडम."

न्यायालयात कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग बाकीच्यांच्या पुढे एक लिहिलंय, त्यातला दुसरा अर्धा कोण?"

"बायको," मी म्हणालो. "एकटा गडी असला की मुकादम त्याला अर्धं धरतो, पैसेही अर्धे देतो. दोघं असली तरच पूर्ण. बाई कामाला नसती तर किसनकाकांच्या पुढे मी अर्धा लिहिलं असतं." हे मी बोलत होतो तेव्हाच मला ते पहिल्यांदा समजत होतं. मॅडमनी शेजारच्या टंकलेखकाला सावकाश मजकूर सांगितला, प्रत्येक वाक्य संपवून. वकील उठून म्हणाले, ही गावाकडची बोलण्याची रीत आहे, पुरावा नव्हे. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता निकाल लागेल. भास्करभाऊंनी चहा सांगितला आणि म्हणाले, "आता वाट पाहाची." मावशीनं बशीत चहा ओतला. "मी बाई बोलली असती त बरं झालं असतं," ती म्हणाली, "मोळी कशी उचलतात ते त्याइले दाखवून देलं असतं." ती त्या चहावर बराच वेळ हसत राहिली.

वाट पाहण्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही. तारखा पडत गेल्या. मुकादमानं माय-बाबांना घेतलं नाही. ते दुसऱ्याच्या टोळीतून कर्नाटकात गेले आणि माय म्हणते तिथला ऊस जास्त कुसळाचा. किसनकाकांची उचल फिटली नव्हती, म्हणून वंदी दुसऱ्या हंगामालाही गेली. दहावीची परीक्षा आली आणि झाली. सुट्टीत मी गावी गेलो की ती दिसायची, खांद्यातून रुंद झालेली, हातावर पाचटाच्या चिरा. माझ्याशी ती तुटक बोलायची. संघटनेच्या कामाला मी जात राहिलो, तेव्हापासून प्रत्येक यादीत एका ओळीत एकच माणूस, आणि बाई स्वतः पुढे येऊन नाव सांगेपर्यंत मी पेन उचलायचो नाही. काही बाया लाजायच्या, काही म्हणायच्या, "त्याइचं लिवलं ना, मंग झालं." मी बसून राहायचो. लोकांना माझा कंटाळा येत असणार. अजूनही कुठे रांगेत माणसं उभी दिसली की मी मोजायला लागतो.

मी अमरावतीला आल्यावर, वंदीचा चौथा हंगाम चालू असताना, मेसच्या रांगेत भास्करभाऊंचा फोन आला. निकाल लागला होता. त्यांनी कागद हातात धरून मला वाचून दाखवला, मोठ्यानं, अडखळत: अर्जदार ही अपघाताच्या वेळी ऊसतोड कामगार म्हणून कामावर होती हे सिद्ध झाले आहे. ठेकेदारानं भरपाई द्यायची होती. मी ताट परत ठेवलं आणि वसतिगृहाच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिलो. किसनकाकांचा फोन लागत नव्हता. फडाकडे रेंज नसते. निकाल त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, पोचला तर काका वंदीला पाठवतील की हंगाम पुरा करून घेतील, मला काही कळेना. तीन दिवस मी एका जागी बसून एक पान वाचलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दादा, वंदी बोलतो."

"कुठून?"

"घरून. काल आली. बाबा तिथंच हायेत, माह्या वाट्याची उचल भरपाईतून फेडतो अन् अर्धा कोयता म्हून राहतो म्हणाले हंगाम सरेलोक." मग लगेच, "बाहेरून दहावी देता येते ना? सतरा नंबरचा फारम?"

मी म्हणालो, शनिवारी येतो, सगळं भरून देतो.

"येऊ नको. नुसतं सांग."

मी सांगत गेलो. शाळा सोडल्याचा दाखला. आधार कार्ड. कोणत्या शाळेत जाऊन विचारायचं. ती प्रत्येक शब्द परत म्हणत होती आणि लिहून घेत होती, पेन मध्येच थांबत होतं, मग चालत होतं. मागून मावशीचा आवाज आला, "त्याले जेवला का म्हून इचार आधी."

"इचारतो मंग," वंदी तिला म्हणाली, आणि मला म्हणाली, "फोटो किती लागतात?"

"दोन," मी म्हणालो.